तोफेला गवसणी

मिरज स्टेशनवर गाडीत चढताना माझ्याजवळ कपड्यांची बॅग, दशम्यांचा डबा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीनचं डोकं एवढं सामान होतं. ते डोकं इतकं जड, की हमालाने विचारलं, "बाई, आत देव आहे काय?" आमचे हे मला पोचवायला आले होते. गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "तिकडे एकदा विचारून घे, तोफेला नक्की थंडी वाजते की नुसती लाज वाटते."

ह्यांचा तरी काय दोष? मी जिथे निघाले होते ते काम कोणालाही थट्टाच वाटलं असतं.

आमचं दुकान मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीच्या तोंडाशी. तंबोरे, सतारी, वीणा यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, आम्ही शिवतो. आधी सासूबाई शिवायच्या, आता मी आणि माझ्याबरोबर शहनाज, कमल आणि लता. पण हल्ली वाद्यं फायबरच्या तयार पेट्यांतून फिरतात, आणि गवसणी मागायला येणारा माणूस वयाने तंबोऱ्याएवढाच जुना असतो. गेल्या पावसाळ्यानंतर लता दुसरीकडे काम शोधू लागली होती. ती तोंडाने काही बोलली नव्हती, पण दुपारी डबा खाताना दुकानाबाहेर बघत बसायची.

अशात वैद्यसाहेबांचा फोन आला. हे मूळचे नागपूरचे. गाण्याचे वेडे. त्यांच्या तंबोऱ्याच्या जोडीला गवसण्या आम्हीच शिवलेल्या. नोकरी मात्र सुरतेजवळच्या एका कारखान्यात. तिथे लष्कराच्या गाड्यांवर आणि नौदलाच्या जहाजांवर बसवायच्या, दुरून चालवता येणाऱ्या तोफा तयार होतात. शिपाई गाडीच्या पोटात किंवा जहाजाच्या खालच्या खोलीत पडद्यासमोर बसतो, हातातला दांडा फिरवतो, आणि वर छतावरची बंदूक कॅमेऱ्याने बघत वळते.

"शालनताई, समुद्रावर ती सतत खाऱ्या वाऱ्यात उभी असते," वैद्य म्हणाले. "तिला खोळ हवी. दोन जणांकडून शिवून घेतल्या, दोन्ही फसल्या."

"आकार कसा आहे?" मी विचारलं.

"तंबोऱ्यापेक्षा थोडा वेगळा."

"भोपळा आहे?"

"भोपळ्याच्या जागी कॅमेरे आहेत."

"आणि मान?"

"मान लांब आहे. पण ती फिरते."

मी म्हटलं, येते. काम जमलं तर पुढे पुष्कळ खोळी लागतील असं ते म्हणाले होते. लताला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं, की महिनाभर कुठे जाऊ नकोस.

कापड गिरण्यांच्या चिमण्या मागे टाकत गाडी सुरतेत शिरली तेव्हा ऊन वर आलं होतं. वीज आणि टेलिफोनच्या तारांवर संक्रांतीच्या आधीच फाटके पतंग लटकत होते. मी सामान घेऊन बाहेरच्या दाराशी आले आणि तिथे तपासणीच्या यंत्राने माझी चादर अडवली. पडद्यावर काय दिसलं कोण जाणे, पण पोलीसबाई उठून उभ्या राहिल्या.

"आ शुं छे?" (हे काय आहे?)

"शिलाई मशीन."

"क्या सिलाई करोगे?"

वैद्यांनी मला बजावलं होतं, की कामाबद्दल फार बोलू नका. पण प्रश्न सरळ आला की माझ्याकडून उत्तर सरळ जातं. मी म्हणाले, "तोप का कव्हर."

पुढचा बराच वेळ मी एका बाकावर बसून होते. समोर माझं मशीन उघडं पडलं होतं आणि त्याच्याभोवती तीन पोलीस गंभीर चेहऱ्याने उभे होते. एकाने हँडल फिरवून पाहिलं. सुई खालीवर झाली तसा तो मागे सरकला. मी वैद्यांना फोन लावला. ते उचलेनात. नंतर कळलं की सकाळची वेळ त्यांच्या रियाजाची, तेव्हा फोन गादीखाली असतो.

शेवटी माझी मावसबहीण रंजना धावत आली. ती मला न्यायलाच आली होती आणि बाहेर वाट बघून कंटाळली होती. तिने सगळा प्रकार ऐकला, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि एका दमात गुजराती, हिंदी आणि मराठी मिसळून सांगितलं, "अरे तोप नाही हो, टोप! टोप! लग्नातल्या मोठ्या पातेल्यांना कव्हरं शिवते ही. गावाकडची आहे, उच्चार साफ नाही."

तिघांचेही चेहरे सैलावले. पोलीसबाईंनी स्वतः मशीन चादरीत बांधून दिलं आणि निघताना हळूच विचारलं, "मिक्सरचं कव्हर शिवता का?" त्या नंदुरबारच्या निघाल्या.

रंजना डिंडोलीत राहते. रिक्षातून उतरले तेव्हा वाटलं, गाडी चुकून धुळ्याला आली. दुकानांवर मराठी पाट्या, ओट्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि समोरच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज. रंजनाचं सासर खानदेशातलं. नवरा लूमवर कामाला, आणि ती घरी साड्यांना लेस लावते. खोलीत साड्यांचे इतके गठ्ठे होते, की बसायला जागा करताना आधी कुणाचं तरी लग्न बाजूला सरकवतोय असं वाटत होतं.

गठ्ठ्यांच्या मधोमध तिच्या सासूबाई बसल्या होत्या. घरात सगळे त्यांना जिजी म्हणतात. त्या घरात अहिराणीच बोलतात.

"ये माय, बस. तोफले झबलं शिवाले उनी ना तू?" (तोफेला झबलं शिवायला आलीस ना तू?)

मी रंजनाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी फक्त जिजींना सांगितलं होतं." पण संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार बायका मला बघून गेल्या. वैद्यांच्या गुप्ततेचं तिथेच विसर्जन झालं. रात्रीच्या जेवणात शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा जिजींनी समाधानाने मान हलवली आणि आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी वैद्य गाडी घेऊन आले. वाटेत त्यांनी मला लोचो खायला घातला. लोचो म्हणजे ढोकळा होता होता राहिलेला, वाफाळता, सैल पदार्थ, वर तेल, शेव आणि कांदा. चव अशी की मी दुसरी बशी मागितली. ती चूक होती, पण ते कळायला थोडा वेळ होता.

पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांचे गठ्ठे लादलेल्या टेम्पोंच्या गर्दीत आम्ही अडकलो. प्रत्येक टेम्पोवर एक माणूस गठ्ठ्यांवर आडवा पडून फोनवर बोलत होता. चौक मागे पडला तशी बारडोलीच्या बाजूची उसाची शेतं सुरू झाली, हवेत मळीचा गोडसर वास आला, आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरामागे रांगत रांगत आम्ही एका पत्र्याच्या उंच शेडपाशी पोचलो.

आत ती उभी होती.

मी कल्पना केली होती किल्ल्यावरच्या तोफेची. ही तशी नव्हती. खाली बसकं गोल बूड, त्यावर दोन खांदे. मध्ये लांब नळी, एका बाजूला गोळ्यांचा रिकामा डबा, दुसऱ्या बाजूला काचेचे डोळे असलेली पेटी. डोळ्यांच्या काचेवर गाडीला असतो तसा छोटा वायपरसुद्धा होता. खरी बंदूक इथे नसते, त्या मापाची आणि वजनाची नळी बसवलेली असते, असं वैद्यांनी सांगितलं, तेव्हा मी मोकळा श्वास घेतला.

"मासी, चिंता नहीं," असं म्हणत मेहुलभाई पुढे आले. हे तिथले इंजिनिअर, अस्सल सुरती. प्रत्येक वाक्याच्या आधी ते चिंता नहीं म्हणायचे आणि त्यानंतर जे सांगायचे त्याने चिंता वाटायची. "मशीन चालू है, आप आराम से नाप लो." एवढं सांगून ते काचेच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसले.

मी टेप काढून डावीकडे गेले. नळी डावीकडे वळली. मी उजवीकडे आले. नळी उजवीकडे आली. मी थांबले, ती थांबली. मी खाली वाकले, तशी तीही नाकाडाने खाली वाकली. इतक्या वर्षांत एकाही तंबोऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं नव्हतं. मी टेप जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

मेहुलभाई हसत बाहेर आले. "मासी, तमारी साडी बहु सरस पकडाय छे!" (तुमची साडी फार छान पकडली जाते!) माझी साडी गडद जांभळी होती आणि मागची भिंत पांढरी. यंत्र हलत्या वस्तूला धरून तिच्यामागे वळतं, त्याचीच चाचणी ते माझ्यावर घेत होते. मला न विचारता! मी त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी माफी मागितली आणि पडदा दाखवायला आत नेलं.

पडद्यावर आता दुसऱ्या कॅमेऱ्यातून उष्णता दिसत होती. जे गरम ते पांढरं. वैद्यसाहेबांचं टक्कल चंद्रासारखं चमकत होतं. उपाहारगृहाच्या मंजुबेन चहाची किटली घेऊन आल्या, तर देवळात समई आणावी तशी ती किटली सगळ्यांत उजळ.

"अंधारात, धुक्यात, सगळं असंच दिसतं," वैद्य म्हणाले. "आता खरी गंमत बघा."

तोफ ज्या लोखंडी पाटावर बसवली होती तो पाट त्यांनी सुरू केला. तो समुद्रासारखा डोलायला लागला. वर, खाली, तिरका, परत वर. आणि नळीचं टोक समोरच्या भिंतीवरच्या एका काळ्या ठिपक्यावर खिळून राहिलं. खाली सगळं हिंदकळत होतं आणि वर तसूभर हालचाल नाही. वैद्यांनी डोळे मिटले. "षड्ज," ते म्हणाले. "लागला की हलायचा नाही."

त्यांनी जुन्या दोन खोळी दाखवल्या. एकीची चेन मिठाने गच्च बसली होती. दुसरीत पाणी साठून तिची पखाल झाली होती. नौदलाची अट साधी होती आणि अवघड होती. भर समुद्रात एका खलाशाने, जाड हातमोजा घालून, एका हाताने खोळ काढली पाहिजे, कारण त्याचा दुसरा हात कठडा धरण्यात गुंतलेला असतो. पुढच्याच आठवड्यात अधिकारी बघायला येणार होते.

"मग मला पाट डोलताना मापं घेतली पाहिजेत," मी म्हणाले. "स्थिर असताना कुठे ताण पडतो ते कळणार नाही."

हे मी फार ऐटीत म्हणाले. पाटावर चढले, एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने टेप लावली. पहिलं माप घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्या मापाला दोन बशा लोचोने आठवण करून दिली की तोही आत डोलतो आहे. मेहुलभाई "चिंता नहीं" म्हणत बादली घेऊन धावले. समुद्रापासून इतक्या लांब, उसाच्या शेतांशेजारी बोट लागलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन.

मापं मात्र मिळाली. कापड कंपनीने दिलं होतं, जहाजांवर वापरतात ते राखाडी, मेणासारखं जाड. घरी येऊन मी मशीनवर पहिली टीप घातली आणि सुई मोडली. दुसरी घातली, दुसरी मोडली. रंजना म्हणाली, "चल, हे सुरत आहे. इथे सगळं मिळतं."

सुरतेत सगळं मिळतं, पण सगळं पातळ मिळतं. आम्ही कापड बाजारात जाड दोरा आणि जाड सुई मागत फिरलो आणि प्रत्येक दुकानदाराने आमच्यासमोर जॉर्जेट उलगडलं.

"बेन, लग्न आहे का?" एकाने विचारलं.

"नाही. एकीलाच शिवायचंय," रंजना म्हणाली.

"अंगाने कशी आहे?"

"भक्कम. खांदे रुंद आहेत. आणि एका जागी स्थिर उभी राहत नाही."

दुकानदाराने सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाला, "तो पछी स्ट्रेचेबल लई जाव." (मग ताणणारं कापड घेऊन जा.)

शेवटी डिंडोलीतच, रंजनाच्या घरामागच्या रस्त्यावर, रिक्षांचे हूड शिवणारे एक परभणीचे गृहस्थ सापडले. त्यांचं मशीन रणगाड्यासारखं होतं. त्यांनी दुपारभर ते आम्हाला वापरू दिलं आणि स्वतः एका उघड्या रिक्षात झोपून गेले.

मी शिवली ती शुद्ध मिरजेची गवसणी होती. मानेकडे निमुळती, बुडाशी घेरदार, आणि तोंडाशी नाडी. शिवणी बघून मलाच माझं कौतुक वाटलं.

अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी सरावासाठी ती तोफेवर चढवली. इतकी नेटकी बसली, की वैद्यांनी दुरून नमस्कार केला. खलाशाचं काम करायला कारखान्यातलेच एक जण हातमोजा घालून उभे राहिले. त्यांनी नाडी ओढली. नाडीची निरगाठ बसली. ते सोडवू लागले तर हातमोज्यात बोटं चालेनात. तेवढ्यात आतून मेहुलभाईंनी, सगळं तयार आहे असं समजून, यंत्र सुरू केलं.

आणि मला कुणीच सांगितलं नव्हतं की ही तोफ सुरू झाली की आधी स्वतःभोवती पूर्ण फिरून आपली दिशा ठरवून घेते.

ती फिरली. खोळ तिच्याबरोबर फिरली, पण नाडी कठड्याला अडकली होती. ओल्या कपड्याचा पिळा घालावा तशी माझी गवसणी नळीभोवती पिळली गेली. आतून वायपर सुरू झाला. कापडाखाली उंदीर अडकल्यासारखी फडफड सुरू झाली. मग टर्रकन आवाज झाला आणि माझी सगळ्यात देखणी शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. पडद्यासमोरून मेहुलभाई ओरडले, "मासी, कुछ दिखता नहीं!"

यंत्र बंद झालं.  कोणी मला दोष दिला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. वैद्य म्हणाले, "आम्हीच सांगायला हवं होतं, ताई." पण नाडीची निरगाठ तर माझीच होती. उद्या अधिकारी येणार होते. मी फाटकी खोळ घडी करून छातीशी धरली आणि डिंडोलीला परतले. मिरजेला फोन करून लताला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी जिजी उन्हात पाय पसरून पोंक निवडत बसल्या होत्या. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?" (काय झालं?)

मी सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. जिजींनी माझ्या हातात मूठभर पोंक दिला आणि रंजनाच्या मुलांच्या लहानपणाचा विषय काढला. का काढला ते मला कळेना. बहुधा मला गप्प करण्यासाठी. त्या म्हणत होत्या की रंजनाच्या दोन्ही पोरांना त्यांनी हौसेने कुंच्या, म्हणजे पाठीवर घोळ असलेली टोपडी शिवली, लेस लावली, मोती लावले, पण एकानेही ती क्षणभर ठेवली नाही.

"पोऱ्या कुंची डोकावर ठेवस का कधी? एक हिसका दिन्हा का गयी!" (पोरगं कुंची डोक्यावर ठेवतं का कधी? एक हिसका दिला की गेली!)

रंजना आणि मी एकमेकींकडे पाहिलं. कुंची वाऱ्याने उडत नाही. हनुवटीखाली धरलेली असते. पण मागून ओढली की तान्हं मूलही काढून टाकतं. जगातल्या सगळ्या आया ज्यामुळे वैतागतात, नौदलाला नेमकं तेच हवं होतं!

आम्ही जेवलोही नाही. हूडवाल्या भाऊंकडे धावलो. ते बिचारे पुन्हा रिक्षात जाऊन झोपले. मी कापलं, रंजनाने शिवलं, कारण लेस लावून लावून तिच्या हाताला माझ्यापेक्षा वेग आहे. कॅमेऱ्यांच्या पेटीवर टोपडं, मागे पाठीवर घोळ, नळीला सैल बाही. नाडी नाही, चेन नाही. पुढे नळीखाली एक वेल्क्रोची चिकटपट्टी आणि मागे हातमोजा मावेल असा जाड पट्ट्याचा फास. सूर्य मावळायच्या आत कुंची तयार होती. जिजींनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "मोती?" मी म्हटलं, जिजी, सरकारी काम आहे.

दुसऱ्या दिवशी रंजनाही माझ्याबरोबर आली. नौदलाचे कमांडरसाहेब आले. केरळचे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्याबरोबर एक खराखुरा खलाशी होता. त्यांनी कुंची घातलेली तोफ बराच वेळ न्याहाळली. चेहऱ्यावर काहीच दिसेना. रंजना माझ्या कानात म्हणाली, "ह्यांनाही लहानपणी घातली असेल."

पाट डोलायला लागला. समुद्रावरचा वारा म्हणून समोर भलामोठा पंखा लावला होता, तो घोंघावू लागला. मेहुलभाईंनी तोफ सुरू केली. ती कुंचीसकट स्वतःभोवती फिरली आणि परत जागेवर आली. कापडाला सुरकुतीही पडली नाही. मी रंजनाचा हात इतका घट्ट धरला, की तिची बांगडी वाकली.

खलाशी डोलत्या पाटावर चढला. डाव्या हाताने कठडा धरला, उजवा हात फासात घातला आणि एक हिसका दिला.

गेली! अलगद, सबंध, एका ओढीत. मी टाळी वाजवायला हात उचलले.

पण हातात आलेली कुंची धरून ठेवायला खलाशाकडे तिसरा हात नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने ती त्याच्या मुठीतून सुटली, फुगली आणि शेडभर उडू लागली. तोफेचे डोळे आता मोकळे झाले होते. त्यांना हलणारी वस्तू दिसली. नळी कुंचीच्या मागे वळली. कुंची वर गेली, नळी वर. कुंची डावीकडे गिरकी घेऊन गेली, नळी डावीकडे. मंजुबेन चहाचा ट्रे घेऊन आत येत होत्या, त्या तशाच उलट्या पावली बाहेर गेल्या. शेवटी कुंचीने एक झोकांडी खाल्ली आणि वैद्यसाहेबांच्या डोक्यावर नीट, टोपड्यासकट बसली. वैद्य आतून हात हलवत राहिले, आणि नळी त्यांच्या पोटावर रोखून स्थिर झाली.

कोणी हसलं नाही. हसायचं की नाही ते सगळे कमांडरसाहेबांच्या तोंडाकडे बघून ठरवत होते. ते पडद्याजवळ गेले, नीट बघितलं, आणि हिंदीत म्हणाले, "वस्तूवर धरलेली नजर सुटत नाही. छान." मग वैद्यांच्या डोक्यावरची खोळ स्वतः उचलून माझ्याकडे आले. "ही पण छान आहे. पण समुद्रावर असती तर आत्ता पाण्यात असती. हिला एक दोरी लावा."

एवढं बोलून ते हसले. मग सगळी शेड हसली. वैद्य सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठ्याने.

दोरी मी तिथेच, पायरीवर बसून, हाताने शिवली. एक टोक खोळीला, दुसरं टोक तोफेच्या बुडाशी अडकवायला. खलाशाने परत घातली, परत काढली. या वेळी ती दोरीला लोंबकळत राहिली. कमांडरसाहेब माझ्या बाजूलाच उभे होते. मी धीर करून विचारलं, "साहेब, ही दिवसातून किती वेळा काढाल? त्या मानाने फासाची शिवण पक्की करते."

त्यांनी फास ओढून पाहिला. मग म्हणाले, "सरावाला निघेल. धुवायला निघेल. बाकी माझ्या मनातलं विचाराल, तर ही उन्हाने विरावी, फाटावी, आणि आम्ही तुमच्याकडे दुसरी मागावी. कामासाठी मात्र हिला काढायची वेळ येऊ नये. जहाजावरच्या प्रत्येकाला तेच वाटतं."

वैद्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं की पुढच्या खोळी आम्हीच शिवायच्या, काही मिरजेत, काही डिंडोलीत रंजनाने. मेहुलभाईंनी मला स्टेशनवर सोडलं आणि वाटेत घारीचा डबा दिला. घारी म्हणजे मावा आणि तूप यांनी ठासून भरलेली सुरती मिठाई. "मासी, चिंता नहीं, ये डोलती नहीं," ते म्हणाले. परतीच्या गाडीत मी ती समोरच्या कुटुंबाबरोबर वाटून खाल्ली. त्यांनी विचारलं, सुरतेला कशाला गेला होता? मी म्हणाले, लहान बाळाची कुंची शिवायला. कोणाचं बाळ, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

मिरजेला पोचले त्या दुपारी दुकानात टेबलावर नमुना पसरला. लता आणि कमल त्याची बाही ओढून बघू लागल्या. शहनाजने फासाजवळची शिवण बोटाने चाचपली.

"बाई, इतकी भक्कम कशाला? तंबोऱ्याची आपण रोज निघावी, मैफल व्हावी म्हणून शिवतो. ही निघायची कधी?"

मी तिला कमांडरसाहेबांचं म्हणणं सांगितलं, की कामासाठी ही कधी निघूच नये.  बाहेर कुणीतरी नव्या सतारीच्या तारा जुळवत होतं.

मग शहनाजने खोळ ओढून घेतली, मशीनखाली सरकवली, आणि माझ्या शिवणीवरून आणखी एक टीप मारली.